मी बाहेर बाकड्यावर आणि जावई आत?

पत्र थोडक्यात : सोलापूरच्या पूर्व भागातून एका आईनं लिहिलं आहे. वय ५२. घरात तेलुगू, लिहिणं-वाचणं मराठी. आधी विड्या वळल्या, आता बावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवतात. एकुलती लेक हैदराबादला नोकरी करते, जावईही तिथलेच. लेकीला सहावा सरत आलाय, तारीख मे महिन्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात ओटी भरून घेऊन यायचं, ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे नाव घालायचं, असं आईनं मनाशी धरलेलं. लेक म्हणते, हैदराबादलाच होणार, तिथल्या एका हॉस्पिटलच्या बर्थिंग सेंटरमध्ये. तिथे बाळंतपण मिडवाइफ करतात, अडलं तर डॉक्टर येतात. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत खोलीत एकच घरचं माणूस, आणि ते म्हणजे नवरा. या आईची थोरली बहीण घरी, सुईणीच्या हातून बाळंत होताना गेली. त्या विचारतात, “आम्ही सुईणीतून सुटलो आणि ही शिकूनसवरून परत सुईणीकडे निघाली. त्यात मी बाहेर बाकड्यावर आणि जावई आत. लोक काय म्हणतील? तिला कसं समजावू?”

अक्का,

तुमचं पत्र चार पानांचं. त्यातल्या तिसऱ्या पानाच्या समासात एक ओळ आडवी लिहिलेली आहे, बहुतेक पत्र संपल्यावर सुचलेली. “माझ्या वेळी तेरा तास जवळ कुणी नव्हतं. एक मावशी तेवढी येता-जाता पाठ चोळायची. नाव विचारायचं राहिलं, हात अजून आठवतो.” बाकी पत्रात सुईण आहे, जावई आहे, विहीणबाई आहेत, सगळी गल्ली आहे. मला मात्र त्या आडव्या ओळीपाशी थांबावंसं वाटतं. तिथं येतेच, पण आधी तुमच्या बहिणीचं बोलू.

तुम्ही चारच वाक्यांत लिहिलंय. मूल झालं, वार पडेना, रक्त थांबेना, रिक्षा मिळेपर्यंत उजाडलं. तुम्ही तेव्हा चौदा वर्षांच्या. चौदाव्या वर्षी बघितलेलं विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही, आणि ‘मिडवाइफ’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तीच रात्र उभी राहिली यात तुमची काहीच चूक नाही. पण त्या रात्री नेमकं काय नव्हतं ते बघा. ती सुईण मी पाहिलेली नाही, तशा बायका मात्र पाहिल्यात. पदर खोचून रात्रभर उकिडवं बसायची तयारी, सरावलेले हात आणि शेजारधर्म एवढं त्यांच्यापाशी असायचं. इंजेक्शन नव्हतं, रक्त नव्हतं, गाडी नव्हती. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थोड्याच तासांत बाईचा जीव घेतो आणि नुसत्या हातानं तो थांबत नाही. आज दवाखान्यात बाळ बाहेर आलं की मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात. त्यानं गर्भपिशवी आकसते, वार सुटायला मदत होते, रक्त आवरतं. हे इंजेक्शन मिडवाइफ स्वतः देते. आणि तरीही रक्त थांबलं नाही तर डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि रक्त त्याच इमारतीत हवं. घरचं बाळंतपण आणि हॉस्पिटलमधलं बर्थिंग सेंटर यांतला फरक हा एवढा आहे. तुमच्या बहिणीला जे मिळायला हवं होतं ते त्या दुसऱ्या ठिकाणी आहे.

मिडवाइफ म्हणजे कोण, हेही एकदा नीट कळू दे. शिकलेली, नोंदणी झालेली नर्स; तिनं पुढे बाळंतपणाचं वेगळं शिक्षण घेतलेलं असतं. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत नर्सच्या शिक्षणावर आणखी १८ महिन्यांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. आपल्याला हा प्रकार परका वाटतो, पण शब्द जुनाच आहे. तुमच्या नागरी आरोग्य केंद्रात लसी टोचणाऱ्या एएनएम सिस्टर असतात ना, त्या एएनएममधला शेवटचा ‘एम’ मिडवाइफचाच. सरकारी कागदावर त्यांना ‘सहायक परिचारिका प्रसाविका’ म्हणतात. आणि डफरीन चौकातून तर तुम्ही हजारदा गेला असाल. तेव्हाच्या व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन, त्यांच्या नावाचा एक फंड १८८५ साली निघाला, तोच मुळी बायकांना बायकांच्या हातून उपचार मिळावेत म्हणून. बाई डॉक्टर, नर्स आणि शिकलेल्या सुईणी तयार करायच्या म्हणून. म्हणजे शिकलेली सुईण ही कल्पना सोलापूरच्या सिटी बसच्या थांब्यावर इतकी वर्षं लिहिलेली आहे, आपण ती वाचत नाही इतकंच.

आता मिडवाइफ करते काय? बाईच्या जवळ थांबते. दर पंधरा ते तीस मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकते, बाळ बाहेर यायच्या वेळी दर पाच मिनिटांनी. कळा किती, गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, बीपी किती, हे तक्त्यावर भरत राहते. बाईला उताणं झोपवून ठेवत नाही. चालू देते, बसू देते, कुशीवर वळू देते, पाणी पिऊ देते, भूक लागली तर हलकं खाऊ देते. तक्ता वाकडा जायला लागला की डॉक्टरांना बोलावते. ज्या बाईचं सगळं सुरळीत आहे तिच्यासाठीच ही व्यवस्था आहे. बीपी वाढलेलं, साखर, जुळं, बाळ आडवं किंवा पायाळू, वार खाली, आधीचं सिझेरियन, यांपैकी काही असेल तर सूत्रं डॉक्टरांकडे जायला हवीत. तुमच्या लेकीचं आज सगळं ठीक असलं तरी आठव्या-नवव्या महिन्यात चित्र बदलू शकतं. म्हणून “मिडवाइफकडेच होणार” हे वाक्य जितकं पक्कं तुम्हाला ऐकू आलं, तितकं पक्कं ते कुणालाच म्हणता येत नाही. अगदी तिलाही.

मग तिनं हा हट्ट का धरला असेल? मी तिला ओळखत नाही, पण ती राहते ते गाव ओळखते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तेलंगणात शंभरातली ६०.७ बाळंतपणं सिझेरियननं झाली होती. सगळ्या राज्यांत तेव्हा हाच आकडा सर्वांत मोठा. महाराष्ट्रात २५.४, सबंध देशात २१.५. तिच्या ऑफिसातल्या दर दहा आयांपैकी सहाजणींच्या पोटावर टाके असतील, अक्का. सिझेरियननं जीव वाचतात, ज्या बाईला लागतं तिला ते मिळालंच पाहिजे. पण दहातल्या सहाजणींना ते लागत नाही, हे तिथल्या सरकारलाही कळलं आणि २०१७ पासून त्यांनी नर्सना मिडवाइफचं शिक्षण द्यायला घेतलं. तेव्हा तुमची लेक मागं निघालेली नाही. तिच्या गावात जे चाललंय ते बघून ती शोधाशोध करतेय.

यावर तुम्ही म्हणाल, मग इकडेच आणते की, इथं निम्म्याहून कमी! तुमचा हा मुद्दा मी खोडून काढणार नाही. फक्त राज्याचा आकडा एका खाटेला लावता येत नाही. त्या हॉस्पिटलात पहिलटकरणींची किती सिझेरियन होतात आणि तुमच्या डॉक्टरबाईंकडे किती होतात, हे दोन आकडे विचारा. चांगला दवाखाना आकडा सांगताना चिडत नाही.

आता ती समासातली ओळ. तेरा तास, आणि एक मावशी. ज्या सिस्टरनं मांडीवर चापट मारून “ओरडू नकोस” म्हटलं, तिचंही तुम्ही लिहिलंय, पण तिच्याबद्दल एक शब्द आणि मावशीबद्दल तीन वाक्यं. पंचवीस-सव्वीस वर्षांनी हात आठवतो तो कुणाचा? डॉक्टरांचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आठवतही नसेल. कळांच्या वेळी कुणीतरी सतत जवळ असलं तर काय होतं, हे शास्त्रानंही तपासून पाहिलंय. २०१७ साली अशा २६ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात १५,००० हून जास्त बायका होत्या. सोबत असलेल्या बायकांची बाळंतपणं जरा लवकर झाली, आपसूक होण्याचं प्रमाण वाढलं, सिझेरियन कमी झाली आणि बाळंतपणाची कडू आठवण घेऊन घरी जाणाऱ्या कमी झाल्या. औषध नाही, यंत्र नाही, पाठीवर हात. तुम्ही हे एका ओळीत लिहून पाठवलंत. “आमच्या वेळी सहन केलंच ना आम्ही” असंही पुढं लिहिलंय. केलंत. पण ती मावशी नसती तर कसं झालं असतं, हा विचार तुम्ही इतकी वर्षं करताय, तेही मला त्या ओळीत दिसतं. तुमच्या लेकीला असं माणूस येता-जाता नको आहे, पूर्ण वेळ हवं आहे.

“पण ते माणूस मी का नाही?” हा खरा प्रश्न, आणि तुम्ही तो पत्रात कुठंच विचारलेला नाही. लोक, रीत, जावई यांच्या आड ठेवलाय.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलं की बाळंत होणाऱ्या प्रत्येक बाईला सोबत मिळावी, आणि ती ‘तिच्या पसंतीची’ असावी. नात्याच्या मानानं ठरवलेली नव्हे. देवघरात कुणी आधी पाया पडायचं याचा क्रम असतो, कळांच्या खोलीत तसा नाही. ज्याच्यापुढं कपड्यांचं भान सुटलं, तोंडून वेडंवाकडं निघालं, उलटी झाली तरी तिला लाज वाटणार नाही असं माणूस हवं. काहींना ती आई असते. काहींना बहीण, नणंद, मैत्रीण. तिला नवरा वाटतो. त्या दोघांचं इतकं जमलंय याचा एरवी तुम्हाला आनंदच झाला असता, हो ना?

पुरुषाचं तिथं काय काम, हा तुमचा सवाल. काम भरपूर असतं. कंबर दाबून धरायची, घोट घोट पाणी द्यायचं, घाम पुसायचा, तिला उठायचं असेल तेव्हा खांदा द्यायचा, ती विसरली की डॉक्टरांना विचारायचं ते विचारायचं. तो डोक्याशी उभा असतो. तुम्हाला ज्याचा संकोच वाटतोय ते त्याला दिसायलाच हवं असं काही नाही. आपल्या सरकारी दवाखान्यांसाठी २०१६ मध्ये केंद्रानं सोबतीबद्दल सूचना काढल्या, त्यांत घरातली बाई, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली, असं आहे. कारण तिथं एका खोलीत चार-चार टेबलं असतात आणि परका पुरुष बाकीच्या बायकांना चालणार नाही. जिथं आडोसा नीट आहे तिथं नवरा चालतो, हेही त्याच सूचनांत आहे. लेकीच्या हॉस्पिटलात खोली स्वतंत्र आहे. मग अडचण कुणाची, आणि कशाची? गल्लीला सांगायचंच असेल तर सांगा की तिथला नियम आहे. लोकांपुरतं एवढं पुरे.

आता माझी एक फजिती सांगते. भाचीच्या वेळी मी सोबत म्हणून आत गेले होते. दोन मुलांची आई, वाचलेलं बरंच, वाटलं आपल्यासारखं कोण असणार! अर्ध्या तासात मी तिला चारदा “जोर कर” म्हणाले, अजून जोर करायची वेळच आलेली नव्हती. मग ठोक्यांचा आवाज जरा हळू ऐकू आला आणि मी मोठ्यांदा “अगं बाई!” केलं. भाचीनं माझ्याकडं पाहिलं, तिचा चेहरा पांढरा पडला. सिस्टर अगदी गोड बोलली, “काकू, चहा घेऊन या ना बाहेरून.” मी चहा घेऊन आले तेव्हा दार लावलेलं होतं. नंतर तिच्या जाऊबाई आत बसल्या, त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. पण त्या गप्प बसून हात धरू शकत होत्या. ते मला जमत नाही, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

यापुढचं जरा जपून लिहिते. तुमची लेक लहानपणापासून तिच्या मोठ्या मावशीची गोष्ट ऐकत वाढली असणार. तुम्ही कितीही शांत बसलात तरी तुमच्या चेहऱ्यावर ती रात्र येणार, आणि ती तुमची एकुलती एक लेक आहे, तिला ती वाचता येणार. कळा सोडून ती तुम्हालाच धीर देत बसेल. कदाचित तिला हे कळतं, आणि म्हणता येत नाही. मी चूकही असेन. पण “आई नको” या शब्दांआड “आईला ते परत बघायला लावायला नको” असं काही आहे का, हे तिला एकदा विचारून बघा. रागानं नाही, संध्याकाळी निवांत.

म्हणून “कसं समजावू” याचं उत्तर मी देत नाहीये. समजावायला बसलात की ती बचाव करत बसेल. पुढच्या फोनवर तिला फक्त दवाखान्यातल्या त्या पाठ चोळणाऱ्या मावशीची हकीकत सांगा. तेरा तासांची, चापटीची, हाताची. तिला कधी सांगितली आहेत का? पत्रावरून वाटतं, नाही. सांगा आणि काही मागू नका. मग आठ दिवस जाऊ द्या.

मग व्यवहाराचं. नवव्या महिन्यात दवाखाना बदलणं मला पसंत नाही, मग तो इकडून तिकडे असो की तिकडून इकडे. ज्यांनी सुरुवातीपासून तपासलंय त्यांच्याच हातात शेवट असावा, हे बरं. सोलापूर-हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं असतो. काही दिवसांआड येणारा नळ आणि रोजची दुपट्यांची बादली यांचा मेळ तुम्ही घालालच, तुम्ही सोलापूरच्या आहात. पण पर्याय असताना तो कशाला घालायचा? सातव्यात, डॉक्टरांना विचारून, तिला आठ-पंधरा दिवस घेऊन या. ओटी भरा, शेंगाचटणी-भाकरी खाऊ घाला, सिद्धेश्वराला नेऊन आणा. येताना सगळे कागद, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट असलेली फाइल तिच्या पिशवीत हवी, आणि तुमच्या डॉक्टरबाईंना ती एकदा दाखवून ठेवा. वाटेत किंवा इथं काही झालं तर कोऱ्या पाटीनं सुरुवात नको. मग तिला परत जाऊ द्या. तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी तुम्ही कारखान्यात रजा टाकून तिकडं जा. बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं, दोघं ठणठणीत असली की माहेरी आणा, पाऊस लागून हवा थंड झालेली असेल.

पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत पडली तेव्हा पोरी सोळा-सतरा वर्षांच्या असत. सासरी कामाचा रगाडा, दुखतंय म्हणायची चोरी. चार महिने तरी तिला कुणी उठवू नये, पोटभर खाऊ द्यावं, एवढ्यासाठी ती रीत. तुम्ही हैदराबादच्या त्या दोन खोल्यांत जाऊन तिला उठू दिलं नाहीत तर रीत पाळल्यासारखीच आहे.

तिथं गेल्यावर तिच्याबरोबर एकदा ते सेंटर बघायला जा. सूचना द्यायला नको, बघायला. आणि तुमच्या मनातलं तिथंच विचारा, घरी येऊन लेकीला नको. रात्री दोन वाजता डॉक्टर इमारतीत असतात की घरून येतात? सिझेरियन करायचं ठरलं तर किती मिनिटांत सुरू होतं? रक्त कुठून येतं? बाळाला त्रास झाला तर अतिदक्षता विभाग इथलाच की दुसरीकडे न्यावं लागतं? मिडवाइफच्या हातून सुरू झालेली किती बाळंतपणं पुढं डॉक्टरांकडे जातात, आणि तसं झालं तर नवरा जवळ राहू शकतो का? मिडवाइफनं किती बाळंतपणं केली आहेत? सगळं मिळून बिल किती, आणि सिझेरियन झालं तर किती? टाके, म्हणजे खालची चीर, सरसकट घेतात का? या शेवटच्या प्रश्नाला “हो, पहिलटकरीण म्हणजे घेतोच” असं उत्तर आलं तर लेकीला कोपरानं खूण करा, कारण सरसकट चीर घेऊ नये असं आता सांगितलं जातं.

आणखी एक विचारा : आत नवराच, पण आधीचे तास? पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या कळा खूप वेळ चालतात. तोंड पाच सेंटीमीटर उघडलं की खऱ्या जोराच्या कळा धरतात, त्याच्या आधीचा काळ बहुतेक जणी घरीच काढतात. कधी अर्धी रात्र, कधी अख्खा दिवस. त्या वेळी घरात कोण असणार? जावई ऑफिसची बॅग भरायची की दवाखान्याची या गोंधळात असतील. कंबरेला शेक, पेज, केसांना तेल, “अजून वेळ आहे गं” असं म्हणणारा आवाज, हे तुमचं. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर मात्र तासभर वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. हे जावयांनाही पाठ करायला लावा.

बाळ झाल्यावर पहिला तास ते तिच्या छातीवर उघडंच ठेवतात, अंगाला अंग लागून, आणि चीक तिथंच पाजतात. त्यामुळं तुमच्या हातात यायला तासभर जाईल. बाहेर घड्याळ बघत चिडू नका. नाळही लगेच कापत नाहीत, मिनिटभर तरी थांबतात. आंघोळ पहिल्या दिवशी नाही. मध नाही, घुट्टी नाही, सहा महिने पाणीसुद्धा नाही. शेक-शेगडीबद्दल तुमचं आणि तिचं वाजणार, ते मला आत्ताच दिसतंय. दार-खिडक्या लावून कोळशाची धग आणि धुरी बाळाला आणि आईला दोघांनाही घातक असते, एवढ्यापुरतं तिचं ऐका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी यांबाबत तिनं तुमचं ऐकावं.

दोन ओळी लेकीसाठी, वाचून दाखवा. बाळा, नैसर्गिक बाळंतपण हे प्रगतिपुस्तक नाही. मिडवाइफनं “आता डॉक्टर” म्हटलं तर तिथं वाद घालायचा नाही. सिझेरियन झालं, कळा सोसवेनात म्हणून इंजेक्शन घेतलं, तर काही गमावलं असं मानायचं नाही. आणि आईला “तुला काय कळतंय, जमाना बदलला” असं म्हणाली असशील तर ते मागं घे. तिनं जमाना स्वतःच्या अंगावर काढलाय.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्या अक्का-ताईंना वाटेल, आम्हाला कुठलं आलंय बर्थिंग सेंटर, आम्ही इथंच बाळंत होणार. होऊ द्या की. सरकारी रुग्णालयात सोबत मागता येते, २०१६ च्या त्या सूचना तुमच्यासाठीच आहेत. नवव्या महिन्यात गेल्यावर सिस्टरना आधीच विचारून ठेवा की कळांच्या वेळी माझी आई किंवा जाऊ आत थांबेल का. बाई आजारी नसावी, कपडे स्वच्छ असावेत, बाकीच्या बायकांच्या टेबलाशी जाऊ नये आणि डॉक्टरांच्या कामात बोलू नये, एवढीच अट असते. (माझ्यासारखीला पाठवू नका.) जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी ठिकाणी बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते, ती चुकवू नका. खासगी नर्सिंग होममध्ये जाणार असाल तर वरचेच प्रश्न तिथंही चालतात. एखाद्या डॉक्टर म्हणतील, “आमच्याकडं आत कुणाला सोडत नाही.” तेव्हा लगेच गप्प बसू नका. “पडदा लावून, फक्त एक बाई, न बोलता” असं एकदा तरी विचारून बघा. कुणी विचारलंच नाही म्हणून सोडत नाहीत, असंही असतं.

अक्का, पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, “मग मी जाऊन करू काय?” एक काम असं आहे की त्यात तुमच्या वरचढ त्या हॉस्पिटलात कुणी नसेल. बाळ ओलं येतं आणि ओल्यानं लगेच गारठतं. म्हणून एका कोमट टॉवेलनं ते चोळून कोरडं करतात, तो ओला टॉवेल बाजूला टाकतात, आणि दुसऱ्या कोरड्या टॉवेलनं आईसकट झाकतात. आपले टॉवेल चालतात का ते तिथं आधी विचारून घ्या. चालत असतील तर चार तरी द्या, मऊ, झालर नसलेले, काठ तुम्ही शिवलेले. नवा कोरा टॉवेल पाणी ओढत नाही, दोन-तीनदा धुवावा लागतो, हे तुम्हाला मी काय सांगू? पण लेकीला ते माहीत नसेल. तिनं दुकानातून आणून, पिशवीवरचं लेबलसुद्धा न काढता, तसेच बॅगेत भरून ठेवले असतील. तेवढं आज फोनवर विचारा.